शेवटल्या पंगतीच्या श्रीखंडाची बखर

श्रीअन्नपूर्णेचे चरणी मस्तक ठेवून, खाल्ल्या अन्नाशी इमान राखून हकीकत लिहितो ती ऐसी की, शके अठराशे सत्त्याण्णव, राक्षस नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, दसऱ्याचे दिवशी एका राज्यी थोर प्रसंग गुदरला. राज्य म्हणजे चार खोल्या आणि एक स्वयंपाकघर. तेथे द्वारकाबाईसाहेब तीस वर्षे निष्कंटक अंमल करीत होत्या. दर दसऱ्यास सत्तावीस पाने मांडली जात, आणि श्रीखंड बाईसाहेब स्वहस्ते करीत, आणि नैवेद्याआधी चाखू नये म्हणोन जिभेस बोटही लावीत नसत. मग पाहुणे, पुरुष व मुले यांची पंगत उठे, आणि मग घरच्या पाच बायका बसत, तो पातेले खडखडीत जाहलेले असे. बाईसाहेब ताकभात जेवीत आणि ‘मला गोड सोसत नाही’ म्हणत, आणि समस्तांनी ते खरे मानिले. प्रस्तुत लेखकही पहिल्या पंगतीत चार वाट्या हाणीत असे. लिहिताना लाज वाटते, परंतु खोटे कैसे लिहावे?

त्या साली अंदाजाचे काम नव्या सूनबाई हेमलताबाई यांजकडे आले. त्यांनी पुसिले, “आई, शेवटच्या पंगतीचं किती धरायचं?” बाईसाहेब वदल्या, “आमचं कशाला धरतेस? उरेल ते खाऊ.” सूनबाईंनी माणशी तीन वाट्या धरिल्या, आग्रहाच्या दहा वर धरिल्या, आणि सर्वांआधी पंधरा वाट्या श्रीखंड डब्यात काढून, फडताळात ठेवून, कुलूप घालोन किल्ली कमरेस खोविली. केवढी ही दूरदृष्टी! मग पंगत बसली, आणि लेकीचे सासरे दिगंबरराव यांस आग्रह सुरू जाहला, आणि जावई ईर्षेस पेटले, आणि आठव्या वाटीस पातेल्याचा तळ दिसला. दिगंबररावांची वाटी रिकामी! बाईसाहेबांचा चेहरा उतरला. “हेमलता, किल्ली दे. व्याह्यांच्या पानावर रिकामी वाटी दिसली, तर तोंड कुठे दाखवू?”

“देते आई. पण मग तुमच्या पानात काय वाढू?”

“अगं, आम्ही काय, घरच्याच!”

“तीस वर्षं घरच्याच आहात, म्हणून तर अंदाज चुकतोय.”

हे भर पंगतीत ऐकू गेले आणि सर्वांचे हात थांबले. दिगंबररावांनी वाटीवर आडवा हात धरिला आणि म्हणाले, “विहीणबाई, आता थेंबभर वाढलंत तर पानावरून उठेन.” धन्य ते व्याही! मग त्यांनीच पुढली पाने मांडविली, पाचही जणींस बसविले, आणि वाढावयास स्वतः उभे राहिले. बाईसाहेबांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, वाटी संपविली. मग म्हणाल्या, “अगं बाई, वेलदोडा फारच पडतो की माझ्या हातून. तीस वर्षं कुणी बोललं नाही मला?” दिगंबरराव आढ्याकडे पाहू लागले. बाईसाहेबांनी वाटी पुढे केली. “वाढा अजून. वेलदोड्यासकट वाढा.”

सारांश, त्या राज्यी तेव्हापासून अंदाज शेवटल्या पंगतीपासून धरितात, आणि वेलदोडे निम्मे घालितात.