शेवटचा पेग किती वाजता?

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या सुपेकरकाकांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. खोकल्याचं औषधसुद्धा ते बाटलीवरचा बारीक मजकूर भिंगातून वाचून मगच घेतात. आणि तरीही वाघोलीतल्या आमच्या सोसायटीत कुणाला आदल्या रात्री जास्त झाली, की सकाळी तो डॉक्टरकडे न जाता सुपेकरकाकांकडे जातो.

रविवारी सकाळी सात ते नऊ त्यांचं दार सताड उघडं असतं. आत टेबलावर लिंबं, मीठ, साखर, काचेचं एक मोजपात्र आणि गॅसवर तांदळाची पेज. काका मूळचे शनिवार पेठेतले. एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून निवृत्त झाले आणि काकू गेल्यावर इथे एकटेच राहायला आले. मोजपात्र त्या नोकरीतलं. सरबतात साखर अंदाजे घालणारी माणसं त्यांना आवडत नाहीत. मी अंदाजे घालते. त्यांनी मला तसं तोंडावर सांगितलेलं आहे.

त्यांची आमची ओळख माझ्या नवऱ्यामुळे झाली. ऑफिसच्या पार्टीनंतरच्या रविवारी मंदार डोक्याभोवती उशी गुंडाळून सोफ्यावर पडला होता आणि मी स्वयंपाकघरात भांडी मुद्दाम जोरात ठेवत होते. बेल वाजली. दारात काका, हातात वही.

"रविवारी सकाळी एवढी भांडी कुणी आनंदाने आपटत नाही," ते म्हणाले. "कुठे आहेत?"

मी काही बोलायच्या आत ते मंदारसमोर खुर्ची ओढून बसलेसुद्धा.

"शेवटचा पेग किती वाजता?"

"साडेबारा... नाही, एक."

"त्याआधी पोटात काय होतं?"

"शेंगदाणे."

"शेंगदाणे म्हणजे जेवण नव्हे. पाणी?"

"सोडा होता ना."

"तो दारूसाठी होता, तुमच्यासाठी नव्हता. डोकेदुखीची गोळी घेतलीत?"

"नाही."

"हे एक बरं केलंत. दारू अंगात असताना मनाने गोळ्या गिळायच्या नाहीत." मंदार आणखी काही सांगू लागला, तर काकांनी हात वर केला. "आधी पाणी. गप्पा मागून."

हे त्यांचं पालुपद. घोट घोट लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, मग वाटीभर पेज, मग पडदे ओढून झोप. काळ्या कॉफीचं नाव काढलं की ते दुखऱ्या दाढेवर हात ठेवल्यासारखं तोंड करतात. 'उतारा' म्हणून सकाळी पुन्हा एक घोट मागणाऱ्याला ते काही बोलत नाहीत, फक्त वहीत त्याचं नाव लाल शाईने लिहितात. पहिल्या मजल्यावर राहणारा आयटीतला नागपूरकर एकदा म्हणाला, "आमच्याकडे तं सावजीचा रस्सा पेतात, काका, घाम आला की मोकळं." काका म्हणाले, "मग तिकडेच चढवायची होती." वहीत मी चोरून वाचलेली एक नोंद अशी आहे: 'तर्रीदार मिसळ. दोघांनी करून पाहिली. दोघेही पस्तावले.'

शनिवारी संध्याकाळी प्रतिबंधक विभाग चालतो. काका गेटपाशी बाकावर बसतात आणि नटूनथटून निघालेल्या प्रत्येकाला विचारतात, "जेवलात का? गाडी कोण चालवणार?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पटलं नाही तर ते हात पुढे करतात आणि गाडीची चावी ठेवून घेतात. आश्चर्य म्हणजे लोक चावी देतात. मला वाटतं, प्रत्येक पेगमागे एक ग्लास पाणी हे त्यांनी एवढ्या वेळा एवढ्या सभ्यपणे सांगितलं आहे, की आता नाही म्हणायची लाज वाटते.

माझ्या डोक्यात मात्र एक किडा वळवळत होता. ज्या शहरात साधा पत्ता विचारला तरी आधी आपली चूक काढतात, तिथे हा निर्व्यसनी माणूस दारू प्यायलेल्यांना एका शब्दाने उपदेश करत नाही, म्हणजे काय? मी स्वभावाने चौकस आहे. मंदार दुसरा शब्द वापरतो. मी काकांना तीनदा विचारलं आणि तीनदा "तुम्हाला काय करायचंय?" हे उत्तर ऐकलं. चौथ्यांदा विचारलं तो रविवार रिकामा होता, कुणी आलं नव्हतं. पेज गार होत होती.

"मला एक धाकटा भाऊ आहे," काका म्हणाले. "दत्ता. कारखान्यात होता. प्यायचा. एका रविवारी सकाळी आमच्या दारात येऊन बसला. डोकं दोन्ही हातांत. म्हणाला, दादा, पाणी दे."

"मग?"

"मी बोललो. वडिलांचं नाव, नोकरी, बायको, चारित्र्य. पाऊण तास. अगदी मुद्देसूद. एकही मुद्दा सुटला नाही." त्यांनी मोजपात्र पुसायला घेतलं. ते स्वच्छच होतं. "पाणी द्यायचं राहिलं."

दत्ता उठून गेला तो परत आला नाही. या गोष्टीला बावीस वर्षं झाली होती. तो येरवड्याला राहतो, एवढं काकांना ठाऊक होतं. दोनदा ते त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आले होते. तो अजून पितो की नाही, हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

"नातेवाइकांकडून इथला पत्ता पोचवलाय," ते म्हणाले. "रविवारी सकाळी मी घरीच असतो, हेही."

मला एकदम रडू आलं. मी पेज गरम करते असं सांगून आत गेले.

एक जानेवारीला वार कोणताही असला तरी दार उघडं असतं. यंदा आठच्या आत अर्धी सोसायटी येऊन गेली आणि लिंबं संपली. दुसऱ्या कुणाला पाठवायची सोय नव्हती, कारण पातळ सालीचं लिंबू आम्हा कुणाला ओळखता येत नाही. काकांनी मला खुर्चीत बसवलं, वही-पेन हातात दिलं आणि "मी दहा मिनिटांत येतो, कुणाला परत पाठवू नका," असं दोनदा बजावून गेले.

ते गेले आणि एक साठीचे गृहस्थ दारात उभे राहिले. बगलेत हेल्मेट, खांद्याला पिशवी, डोळे लालभडक, एक हात चौकटीवर. मी काकांच्या थाटात म्हणाले, "आधी पाणी. गप्पा मागून." मोजपात्रात उरलेलं सरबत ग्लासात ओतून त्यांना दिलं. ते उभ्यानेच प्यायले. मी पेन उघडलं.

"शेवटचा पेग किती वाजता?"

त्यांनी रिकामा ग्लास टेबलावर ठेवला.

"वाजता नाही सांगता येणार, ताई," ते म्हणाले. "एकवीस वर्षं झाली."

मी पेनाला टोपण लावलं. "मग डोळे?"

"नगर रस्त्याची धूळ. हेल्मेटला काच नाही." त्यांनी पिशवीतून हळदकुंकू लावलेली पत्रिका काढली. "दादा आहे का? मुलीचं लग्न आहे. पहिली पत्रिका देवापुढे ठेवली. दुसरी मोठ्या भावाला द्यायची असते."

मी उठून त्यांना खुर्ची दिली. पण ते बसायच्या आत काका दारात आले. हातात लिंबांची पिशवी. दोघंही जागच्या जागी उभे. मी चौकस खरी, पण त्या वेळी कुठे बघावं ते मला कळेना.

काकांनी भावाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या रिकाम्या ग्लासकडे.

"पाणी दिलंत याला?" त्यांनी मला विचारलं.

"दिलं, काका."

"ते तुम्ही दिलंत. माझं राहिलंय."

त्यांनी लिंबू कापलं. दत्ताकाका म्हणाले, "दादा, मी आता पीत नाही रे." काका म्हणाले, "बरं," आणि साखरेचा डबा उघडला. मोजपात्र समोर होतं. त्यांनी ते घेतलं नाही. पहिल्या चमच्यातली अर्धी साखर टेबलावर सांडली, पुन्हा एक चमचा घातला, मग आणखी एक. ग्लास दोन्ही हातांनी धरून त्यांनी भावापुढे केला.

दत्ताकाकांनी पत्रिका काखेत धरली आणि सगळा ग्लास एका दमात संपवला.

"साखर फार झालीय, दादा," ते म्हणाले.

"असू दे," काका म्हणाले. "आता बस. गप्पा मारू."