उन्हाकडं जाणारे दस्तगीरमामा

आभाळ भरून आलं की आमच्या माधवनगरात लोक छत्र्या शोधतात. दस्तगीरमामा जतची एसटी धरायचे.

जतला त्यांचं कुणी नव्हतं. पाहुणा नाही, जमीन नाही, कोर्टकचेरी नाही. पण आषाढात आमच्याकडं सूर्य दिसायचं नाव घेत नाही आणि तिकडं जतचं रान कोरडं ठणठणीत, टँकरची वाट बघणारं. एकदा कंडक्टरनं सहज विचारलं, "चाचा, जतला कुणाकडं?"

मामा म्हणाले, "उनाकडं."

अख्खी गाडी हसली. मामाही हसले. शेजारच्या सीटवर बसलेल्या हलीमामामी तेवढ्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मामांचं आमच्या गल्लीच्या तोंडाशी टेलरिंगचं दुकान. हात सुबक, पण पावसाळ्यात कापड टाकायला गेलं की माप देण्याआधी मामांचं दुखणं ऐकून घ्यावं लागे. "ढग आलं की माझं डोस्कं बिगडतंय गड्या. काय ग्वाड लागत न्हाई. नुसतं रडू येतंय." हे ते सुपारी कातरत, इतक्या खणखणीत आवाजात सांगायचे की समोरच्याला हसूच फुटायचं.

श्रावणात जरा ऊन पडलं की गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून दोन खुर्च्या उचलायचे. एक स्वतःला, एक मामींना. ऊन सरकेल तशा खुर्च्या सरकवत एकदा दोघं गुरांच्या दवाखान्याच्या दारात पोचले. डॉक्टर बाहेर आले. "जनावर कुठाय?"

"ह्ये काय, मीच की!"

गल्लीचं मत ठरलेलं. मामा माणूस लय भारी, पण पावसाळ्यात थोडे सरकतात. बायका मामींची कीव करायच्या. कशी सांभाळत असेल बाई, म्हणायच्या.

पुढं माझी नेमणूक जतच्या कचेरीत झाली. एका दुपारी चहाला म्हणून स्टँडवर गेलो, तर बाहेरच्या बाकावर दोघं उन्हात बसलेली. मामांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, एक गोळी मामींच्या तळहातावर ठेवली. "खा ले गे," म्हणाले. मामींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज न करता. मामा त्यांच्याच पदरानं ते टिपत होते. मग त्यांची नजर माझ्याकडं गेली आणि चेहरा पडला.

त्यांनी मला बाजूला घेतलं. "गोळ्या तिच्या हायत संजू. मिरजंच्या डॉक्टरच्या. दर पावसाळ्यात तिला असंच हुतंय. उठवत न्हाई, खाववत न्हाई. एकदा तर…" त्यांनी पाकीट परत खिशात सारलं. "डॉक्टर म्हणलं, गोळी चुकवू नका, उजेडात बसवा, फिरवा."

"मग लोकांना स्वतःचं डोकं बिघडलंय म्हणून का सांगता?"

"मला येडा म्हणलं तर मी हासून घेतो. तिला म्हणलं असतं, तर ती जगली असती का रं?"

मी कुणाला बोललो नाही. आता मामांनीच सांग म्हटलंय, म्हणून सांगतोय.

ते चहा आणायला गेले तसा मी मामींजवळ बसलो. म्हटलं, "इथं बरं वाटतं का मामी?"

"गोळीनं वाटतंय. उनाचं मला काय कळत न्हाई बाबा." मामी चहाच्या गाड्याकडं बघत होत्या. "पर ह्यास्नी वाटतंय, उनात आलं की मी हासते. मग हासते."

मामा कप सांभाळत आले. मामी खरंच हसल्या.

"बघ!" मामा मला म्हणाले. "लागलं का न्हाई ऊन?"

गेल्या हिवाळ्यात मामी झोपेतच गेल्या. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. यंदा आषाढ आला, आभाळ तसंच भरून आलं, पण मामा जतला गेले नाहीत. ढगांबद्दल चकार शब्द नाही. गल्लीत एकमेकांना लोक सांगू लागले, मामा सुधारले.

सुट्टीवर गावी आलो होतो, तेव्हा एका सकाळी मी दुकानात गेलो. मशीनवर फडकं टाकलेलं. कुणाच्या तरी शर्टाचं कापड मांडीवर घेऊन मामा बसून होते. दाढी वाढलेली.

"मामा, जेवण जातंय का?"

"जातंय की."

"खरं सांगा."

ते कापडाच्या घडीवरून हात फिरवत राहिले. मी म्हटलं, "चला, मिरजेला जाऊन येऊ."

"आन् त्यास्नी काय सांगू? बायकूची आठवण येत्या, ह्यो काय रोग हाय व्हय?"

"ते डॉक्टरांना ठरवू दे."

मामा उठले. नळाखाली तोंड धुतलं, टोपी घातली. बाहेर आलो तर समोरचे किराणावाले भुपालअण्णा नेहमीसारखे गमतीत म्हणाले, "काय मामा, आज कुठं दौरा?"

मामा थांबले. मला वाटलं, काहीतरी थट्टा करतील.

"डॉक्टरकडं," ते हळू म्हणाले. "हलीमा गेल्यापास्नं जीव लागत न्हाई अण्णा."

भुपालअण्णांनी हातातलं माप खाली ठेवलं. रस्ता ओलांडून आले आणि मामांच्या हातून किल्ली घेतली. "तुमी जावा," म्हणाले, "दुकान मी बंद करतो." पण शटर ओढायचं सोडून ते मामांचा हात धरून तसेच उभे राहिले.