लाल फडक्यातलं पहिलं पुस्तक

पुस्तक शोधावं तर मीच! हे मी नाही म्हणत, आमच्या विभागप्रमुख अमिता मॅडम म्हणतात. म्हणजे, म्हणायच्या. गेल्या नवमीपर्यंत.

मी यशवर्धन फणसे. इंदूरच्या एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. नावामागे डॉक्टर आहे, पण औषधाचा नाही, प्रबंधाचा. तो जाडजूड प्रबंध मी नऊ वर्षं बॅगेत घेऊन फिरतोय. कोणी कधी म्हणालंच, "डॉक्टरसाहेब, बघू बरं तुमचं काम," तर हाताशी असावा! नऊ वर्षांत कोणी म्हणालं नाही. बॅगेचा पट्टा मात्र दोनदा तुटला.

तर विंडोज वगैरे घरोघर येण्याच्या आधी कॉम्प्युटर डॉसवर चालायचा. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ, आणि समोर घाम पुसणारा माणूस. ही डॉस काय चीज आहे ते आपल्या भाषेत समजावणारी सगळ्यात जुनी पुस्तकं कोणती, यावर मी नवमीच्या सेमिनारमध्ये बोलणार होतो. आणि मला घबाड मिळालं! गणेशोत्सवाच्या एका जुन्या स्मरणिकेत, शेवटच्या पानावर, दोन ओळींची जाहिरात: 'काळ्या पडद्याशी मैत्री. डॉसची सोपी ओळख. लेखक: बाबूराव सोनवणे, पोलोग्राउंड.' साल १९८८!

मी तडक मॅडमकडे गेलो. "मॅडम, मराठीतलं डॉसचं पहिलं पुस्तक आपल्या इंदूरमध्ये छापलं गेलंय!"

"प्रत आहे?"

"नवमीला टेबलावर ठेवतो!"

हे वाक्य माझ्या तोंडातून कसं निघालं ते मला आजही कळत नाही. मॅडमनी त्याच दिवशी बॅनर छापायला टाकलं. त्यावर पुस्तकासाठी एक रिकामी चौकट, आणि चौकटीशेजारी माझा हसरा फोटो!

बाबूराव सापडले, महूला, नातीकडे. वय त्र्याऐंशी. त्यांचे आजोबा फौजेत होते, हे स्वतः पोलोग्राउंडच्या एका पंपाच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर. कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे लांबून नमस्कार करायचे. बाबूराव एकटेच जवळ गेले, तीन महिने त्याच्याशी झटले, आणि कामगारांसाठी पुस्तक लिहून मोकळे झाले. शंभर प्रती पदरच्या पैशाने छापल्या आणि फुकट वाटल्या.

"एक तर असेल ना काका तुमच्याकडे?"

"नाही ना! शेवटची होती ती स्टोअरचा प्रताप घेऊन गेला. 'दोन दिवसांत देतो भिया' म्हणाला. नंतर मी दिसलो की रस्ता बदलायचा!"

नात धम्मदीना बँकेत अधिकारी आहे. ती मला दाराशी सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "सर, खरं सांगू? आम्हाला घरात कोणालाच खरं वाटत नव्हतं. आजोबा पुस्तकाचं सांगायला लागले की आम्ही 'हो हो' म्हणायचो. डोळ्यांचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात. त्याआधी एकदा त्यांच्या हातात पडलं तर..." मी मान हलवून निघालो. बॅनर गेलं खड्ड्यात, पण आता त्या म्हाताऱ्यासाठी पुस्तक मिळायलाच हवं होतं.

गाडी सुरू करता करता डोक्यात लख्ख प्रकाश पडला. स्टोअरचा प्रताप. पोलोग्राउंड. पंपाचा कारखाना. अहो, प्रतापराव म्हणजे आमचे सासरे!

अष्टमीच्या संध्याकाळी मी बडा गणपतीजवळ सासुरवाडीला हजर. आमच्या सासऱ्यांना सगळे आबासाहेब म्हणतात. पूर्वज दरबारात शिलेदार होते. आता दरबार नाही, घोडा नाही, राहिली ती एक तलवार आणि मिशा. मी विषय काढल्याबरोबर मिशा खाली आल्या.

"कोण बाबूराव? मला नाही आठवत. कॉम्प्युटरला मी आयुष्यात हात नाही लावला!"

"आबासाहेब, ते त्र्याऐंशीचे आहेत. त्यांना नुसतं बघायचंय हो."

आबासाहेबांनी स्वयंपाकघराकडे बघितलं, मग मला हाताला धरून गच्चीवर नेलं. आणि तिथे, पाण्याच्या टाकीमागे, त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी टाकीलाच टेकलो.

आमच्या सासरी खंडेनवमीच्या शस्त्रपूजेत तलवारीशेजारी लाल फडक्यात बांधलेलं एक बोचकं असतं. 'दरबारी कागद'. पूर्वजांना दरबारातून मिळालेले. ते उघडलं तर घराण्याचं वाईट होतं, म्हणून कोणी उघडत नाही. लग्न झाल्यापासून मी दर वर्षी त्याला डोकं टेकवत आलोय. माझी बायको प्रियंका परीक्षेच्या आधी त्याच्या पाया पडायची!

"ते कागद नाहीत," आबासाहेब पुटपुटले. "ते बाबूरावचं पुस्तक आहे."

"काय?!"

"हळू बोला ना यार! मी स्टोअरकीपर होतो. पुस्तकात बघून कॉम्प्युटर चालवायला गेलो. माझी नट-बोल्टची पूर्ण यादी उडाली! चार हजार आयटम! दीड महिना पुन्हा लिहीत बसलो. बाबूरावला पुस्तक परत द्यायचं म्हणजे तो विचारणार, 'जमलं का?' काय सांगणार? मी ठरवलं आपण ढ आहोत. पुस्तक फडक्यात बांधून लपवलं, तर तुमच्या सासूबाईंनी विचारलं हे काय. तोंडातून निघालं, दरबारी कागद. बाईंनी उचलून सरळ पूजेत ठेवलं! पस्तीस वर्षांवर झाली जावईबापू. आता कोणत्या तोंडाने सांगू?"

"मग आत्ताच काढून द्या."

"कपाटात आहे. किल्ली बाईंच्या कमरेला. उद्या सकाळी पूजेत मांडतील, आणि मांडलेली पूजा दसऱ्याला उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायची नाही!"

आणि माझा सेमिनार नवमीला, दुपारी तीनला!

शेवटी ठरलं ते असं. मी सकाळी जायचं, सासूबाई पुरणात गुंतल्या की पुस्तक काढायचं, आणि फडक्यात तेवढ्याच आकाराचं दुसरं काहीतरी बांधायचं. आबासाहेब देवघराच्या दारात पहारा देणार. कोणी आलं तर खोकणार.

नवमीला सगळं अगदी जमून आलं होतं. पाटावर तलवार, कात्री, शिलाई मशीनचं चाक, मेव्हण्याचा, म्हणजे विक्रमचा, लॅपटॉप, मिक्सरचं भांडं, आणि मधोमध लाल बोचकं. मी गाठ सोडली. आत खरंच पुस्तक होतं! 'काळ्या पडद्याशी मैत्री'! फडक्याचा रंग लागून मुखपृष्ठ गुलाबी झालेलं, पण अख्खं! ते मी कुर्त्याच्या आत, पोटावर खोचलं. आता फडक्यात काय बांधू? घाईत वर्तमानपत्रही नाही आणलं. बॅग चाचपली, हाताला लागला प्रबंध. म्हटलं चला, एक दिवस तरी कोणाच्या उपयोगी पडू दे!

गाठ मारत होतो, इतक्यात दारात खालच्या मजल्यावरचे पंढरीनाथ उगवले. आबासाहेबांनी खोकायचं की नाही? खोकला येईना! घाबरून त्यांनी हाताला लागली ती देवघरातली घंटा उचलली आणि गदागदा वाजवली.

मग काय! घंटा म्हणजे आरती! सासूबाई नैवेद्याचं ताट घेऊन धावत आल्या, प्रियंका कापूर घेऊन आली, पंढरीनाथांनी जिन्यातून हाक मारली, "चलो रे सब, आबासाहेबांकडे आरती लागली!" आणि त्यांच्या घरातले सहा जण वर!

"घंटा कशाला?" मी दात-ओठ खात विचारलं.

"इशारा होता!" आबासाहेब म्हणाले.

"पूजेच्या दिवशी घंटेचा इशारा?!"

मी पोटाशी एक हात धरून, दुसऱ्या हाताने मांडीवर टाळी देत चार आरत्या म्हटल्या. पुस्तक इंचाइंचाने खाली घसरत होतं. सासूबाई मला कुंकू लावायला आल्या, पोटाकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "जावईबापू, एकाच बाजूने जाड होताय. तब्येत दाखवा कोणाला तरी."

आमच्या सासूबाई, सुलोचनाबाई, कमी बोलतात. मॅट्रिकला गणितात शाळेत पहिल्या आल्या होत्या, हे त्यांनी मला सोळा वर्षांत एकदाच सांगितलंय. बाकी दिवसभर स्वयंपाकघरात. अशा माणसाची भीती वाटायला हवी, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

सुटलो म्हणून जिना उतरत होतो, तर वरून सासूबाईंचा आवाज आला, "आम्ही पण येतो हो भाषणाला! जावयाचा फोटो छापलाय म्हणे!" आबासाहेबांनी गुडघा दुखतोय म्हणून सांगून बघितलं. सासूबाईंनी बाम लावला आणि त्यांना रिक्षात बसवलं.

तीन वाजता हॉल भरलेला. पहिल्या रांगेत आबासाहेब, तोंडापुढे सेमिनारचं पत्रक धरून. स्टेजवर बाबूराव, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मी सांगितलं की ही दुर्मिळ प्रत एका अज्ञात संग्राहकाकडून मिळाली आहे, आणि पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं.

त्यांनी मुखपृष्ठावरून हात फिरवला. पानांतून दोन तांदूळ खाली पडले. "माझ्या पुस्तकाची पूजा केली कोणी?" एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. धम्मदीना धावत स्टेजवर आली, "आजोबा, खरंच आहे हो तुमचं पुस्तक! सॉरी आजोबा!" म्हणत तीही रडली. अमिता मॅडम रडल्या. मला वाटलं झालं, जिंकलो! इथेच आभार मानून चहा सांगितला असता तर काय बिघडलं असतं?

पण बाबूराव पान उलटायला लागले. "अरे, इथे पेन्सिलीने कोणीतरी लिहिलंय." चष्मा सावरून ते माईकवर वाचू लागले. "'पान बेचाळीस. फाइलची नक्कल करायची आज्ञा उलटी छापली आहे. अशाने कोरी फाइल भरलेल्या फाइलवर जाऊन बसेल आणि सगळं जाईल. लेखक बहुधा उपाशी होते.'"

हॉलमध्ये हशा पिकला. बाबूराव पान डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. "बरोबर आहे! डबल ड्यूटीनंतर लिहिलं होतं हे पान. चूक सापडली तेव्हा शुद्धिपत्र पण छापलं. पण हे कोणी लिहिलं?"

"मी," पहिल्या रांगेतून आवाज आला. सुलोचनाबाई उभ्या होत्या. "दुसऱ्या वर्षी फडक्याला कसर लागली म्हणून सोडलं. दरबारी कागदांत कीबोर्डचं चित्र कसं असेल? मग दुपारी दुपारी वाचलं सगळं. पुढे विक्रमने कॉम्प्युटर घेतला तेव्हा करून पण बघितलं."

आबासाहेबांच्या तोंडापुढचं पत्रक गळून पडलं. "तुम्हाला माहीत होतं? मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही दर वर्षी त्याची गोष्ट सांगताना किती खूश असायचात!"

आबासाहेब उठले. मला वाटलं आता हे हॉल सोडून जाणार. पण ते गुडघा विसरून स्टेजवर चढले. "म्हणजे यादी उडाली ती माझ्यामुळे नाही? बेचाळीस पानामुळे? बाबूराव! पस्तीस वर्षं मी स्वतःला गाढव समजत होतो!"

बाबूरावांनी त्यांना नीट निरखून पाहिलं. "प्रताप? दोन दिवस झाले का रे तुझे? अरे, वेळेवर परत केलं असतंस तर शुद्धिपत्र चिकटवून नसतं का दिलं?"

आणि दोघं म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून हसायला लागले! माझ्या भाषणाची बावीस पानं होती. एकही वाचायला मिळालं नाही. 'अज्ञात संग्राहक' माझा सासरा निघाल्यामुळे अमिता मॅडम माझ्याकडे कशा बघत होत्या, ते सांगायला नको.

चहाच्या वेळी सासूबाई माझ्याजवळ आल्या. "जावईबापू, सकाळी आरतीनंतर बोचकं सरळ करायला उचललं, तर दुप्पट जड! म्हणून सोडून बघितलं."

मी चहाचा कप खाली ठेवला. "तुम्ही... माझा प्रबंध वाचलात?"

"पूर्ण नाही. पुरण शिजेपर्यंत वीस पानं झाली. इंग्रजी जड आहे तुमचं." मग त्या जवळ सरकल्या आणि आवाज खाली आणला. "पान अकरावर तो गोल तक्ता आहे ना? त्यातले टक्के जोडून बघा. एकशे दहा होतात."

मी घरी येऊन जोडले. तीनदा जोडले. एकशे दहाच होतात. मार्गदर्शकांनी सही केली, दोन बाहेरच्या परीक्षकांनी 'अत्यंत काटेकोर' असा शेरा मारला, आणि गोल तक्ता ऐटीत एकशे दहा टक्के!

दसऱ्याला सकाळी, उत्तरपूजेच्या आधीच, मी आबासाहेबांना फोन केला. "आबासाहेब, प्रबंध परत नका पाठवू. त्याच लाल फडक्यात घट्ट बांधा, दोन गाठी जास्त मारा, आणि घरात सगळ्यांना सांगा की उघडलं तर जावयाचं वाईट होतं!"