तपासणीअंती दोष आढळून आला नाही

आमची डिझेल गाडी सकाळी गार असताना नीट चालत नाही, ही बाब मी अत्यंत गांभीर्याने नमूद करतो. किल्ली फिरवली की ती आधी बराच वेळ नुसती कुरकुरते. मग एकदाची पेटते आणि अशी थरथरते की आरशात एकाच्या जागी तीन रस्ते दिसू लागतात. मागून पांढरा धूर निघतो. फाटकापर्यंत जाईतो ती दोनदा बंद पडते. हा सोहळा आठ-दहा मिनिटं चालतो. त्यानंतर गाडी इतकी शहाण्यासारखी वागते की मघाचे सगळे आपल्याच मनाचे खेळ वाटावेत. गाडी आणि मी, दोघंही अकरा वाजेपर्यंत काही कामाचे नसतो, असं आमची ही म्हणते. माझ्या बाबतीत ते अकरानंतरही खरं आहे, पण तेवढं ती भिडेखातर बोलत नाही.

ही रुग्णालयात सिस्टर आहे. बावीस वर्षं वॉर्ड सांभाळल्यावर यंदा मेट्रनच्या जागेसाठी तिचं नाव यादीत पहिलं लागलं होतं. अट एकच होती. सहा महिन्यांत तीन लेट मार्क झाले की नाव यादीतून बाहेर. सकाळपाळी सातला सुरू होते. पहिली बस सहा वाजता कोपऱ्यावरून सुटते आणि तिला वेळेत पोचवते. पण घरात गाडी असताना होऊ घातलेल्या मेट्रनने बसच्या रांगेत उभं राहावं, हे मला पटत नव्हतं. "मी सोडतो ना तुला," असं मी रोज म्हणायचो आणि रोज सोडायचो. तीन वेळा सातनंतर सोडलं.

तिसऱ्या लेट मार्कनंतर रुग्णालयाच्या कार्यालयाने पत्र दिलं. उशीर वाहनातील दोषामुळे झाला असल्यास सक्षम अधिकाऱ्याचा दाखला पंधरा दिवसांत सादर करावा. दाखला आल्यास लेट मार्क रद्द करण्यात येतील.

"आपल्या खालचे मिस्त्री बघतील का एकदा?" हिने विचारलं. तळमजल्यावर एक म्हातारे मिस्त्री राहतात. उभा जन्म त्यांनी डिझेल इंजिनं उघडण्यात घालवला आहे.

"ते लेखी देत नाहीत," मी म्हणालो. "आपल्याला दाखला हवाय, दुरुस्ती नकोय."

हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत बोललो, याला ही साक्षीदार आहे.

गाडी घेऊन मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गेलो. ते घरापासून नऊ किलोमीटरवर आहे. पोचेपर्यंत इंजिन गरम. सुपरवायझरने कान लावून ऐकलं.

"गाडी छान आहे की, साहेब."

"आत्ता छान आहे. गार असताना बिघडते."

"मग गार असताना घेऊन या."

"आणली की गरम होते."

"मग प्रॉब्लेम काय आहे?" त्याने मनापासून विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी टो करून नेली. क्रेनला लटकलेल्या गाडीच्या मागे मी दुसऱ्याच्या स्कूटरवर बसून गेलो. शेजाऱ्यांनी गॅलरीत येऊन निरोप दिला. इंजिन बर्फासारखं गार होतं आणि मी विजयी होतो. सेंटरच्या दारात सुपरवायझरने पाटी दाखवली. तपासणी विभागात वाहन स्वतःच्या शक्तीने यायला हवं, आणि त्याआधी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायला हवं. मी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. त्याने तो दोनदा पाहिला आणि म्हणाला, "धूर दिसतोय, पण तो याच गाडीचा आहे असं कुठे लिहिलंय?" मग गाडी दहा मिनिटं चालवली, आत नेली आणि मला छापील कागद मिळाला. तपासणीअंती दोष आढळून आला नाही.

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. तो येईना, कारण ते वाक्य माझं होतं.

आता मी काय काम करतो ते सांगायलाच हवं. मी ग्राहक तक्रार निवारण कक्षाचा कक्ष अधिकारी आहे. सर्व्हिस सेंटरांनी कसं तपासावं याची नियमावली आमच्या कक्षाने काढली आणि तिचा मसुदा मी केला. इंजिन दहा मिनिटं चालू ठेवण्याचं कलम माझंच. त्या वर्षी एका तपासणीला गार गाडीचा धूर माझ्या नाकात गेला होता आणि मी आठवडाभर खोकत होतो. तपासणीची वेळ दुपारी बारा ते दोन, हेही माझंच, कारण त्याआधी मला काही सुचत नाही. गेल्या अकरा वर्षांत कक्षाकडे एकतीस हजार तक्रारी आल्या. एकीतही दोष आढळला नाही. या कामगिरीबद्दल मला दोनदा शाल मिळाली आहे. त्या मी घेतल्या आणि वर भाषणही केलं.

सेंटरचा निर्णय मान्य नसेल तर अपील आमच्याच कक्षात करायचं असतं. गाडी हिच्या नावावर आहे. त्यामुळे तक्रारदार ही आणि निवारक मी, असा योग जुळून आला. अर्ज माझ्याच हस्ताक्षरात भरून मी तो आवक खिडकीत दिला, आत जाऊन खुर्चीवर बसलो आणि पाच दिवस त्याची वाट पाहिली. आठ दिवस उरले असताना तो माझ्या टेबलावर आला.

आमच्या कक्षातल्या कारकून बाई सरळ स्वभावाच्या आहेत. त्या म्हणाल्या, "साहेब, गाडी तुमच्या दारात उभी असते. उद्या सकाळी सहाला चालू करा, बघा आणि लिहून टाका. वहिनींचं काम होऊन जाईल."

"सकाळी सहाला मी अधिकारी नसतो, बाई."

"मग कोण असता?"

"नवरा."

बाईंनी फाइलला दोरी बांधली.

तरीही माझं मन खात होतं, म्हणून मी मोठ्या साहेबांकडे गेलो. एकदाच, अपवाद म्हणून, सकाळी तपासणी करता येईल का, असं विचारलं. साहेब समजूतदार आहेत. त्यांनी मला बसायला सांगितलं.

"एका गाडीत दोष सापडला," ते म्हणाले, "की लोक विचारणार, बाकीच्या एकतीस हजारांचं काय? त्या सगळ्या कोणी बंद केल्या?"

"मी."

"मग? आपलेच दात आणि आपलेच ओठ. शिवाय तुमचं नाव यंदा बढतीला आहे."

मी त्यांच्याशी वाद घातला असता, असं मला अजूनही वाटतं. प्रत्यक्षात मी "बरोबर आहे, सर" म्हणालो आणि उठलो.

नेमलेल्या दिवशी दुपारी बारा वाजता मी कक्षाच्या आवारात गेलो. गाडी चालू करून दहा मिनिटं बाजूला उभा राहिलो. मग कागद हातात घेतला आणि जणू ही गाडी मी जन्मात पहिल्यांदाच पाहतोय अशा नजरेने तिच्याभोवती एक फेरी मारली. इंजिन गुळगुळीत चालत होतं. थरथर नाही, धूर नाही. मी जे ऐकलं ते लिहिलं. खोटं एक अक्षर लिहिलं नाही, आणि याचाच मला सर्वांत जास्त त्रास होतो. एक प्रत नियमानुसार रुग्णालयाला गेली.

तीन दिवसांनी अंतिम यादी लागली. हिचं नाव नव्हतं. लेट मार्क रद्द करता येत नाहीत, कारण कर्मचाऱ्याच्या पतीनेच वाहन निर्दोष असल्याचं प्रमाणित केलं आहे, असा शेरा होता. मेट्रनच्या जागेवर हिने स्वतः शिकवून तयार केलेली मुलगी बसली.

त्या संध्याकाळी ही घरी आली, हातपाय धुतले आणि जेवणाची तयारी करू लागली. मला वाटलं, ओरडेल. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"सही तुमचीच ना?" तिने कणीक मळता मळता विचारलं.

"अगं, नियमच तसा आहे..."

"तो मला माहितीये. तुम्ही मसुदा केलात तेव्हा शुद्धलेखन मीच तपासलं होतं."

मला फार लाज वाटली. ती कोणत्या रकान्यात लिहायची ते मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सहाच्या बसने गेली. जाताना तिने तळमजल्यावरच्या मिस्त्रींचं दार वाजवलं असावं, कारण मी खाली उतरलो तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलेलं होतं. गाडी गारच होती. त्यांनी एकदा चालू केली, डोकं कलतं करून अर्धा मिनिट ऐकलं आणि बंद केली.

"चारातले दोन हीटर प्लग मेलेत," ते म्हणाले. "डिझेलला पेटायला आत आधी ऊब लागते, ती मिळत नाही. किती दिवस झाले?"

"सात महिने."

"आणि मी इथेच राहतो."

पाऊण तासात काम झालं. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. सवयीने मी विचारलं, "हे लेखी द्याल का?" मिस्त्रींनी हात पुसले आणि ते चहा प्यायला घरात गेले. ही अजूनही बसनेच जाते. सकाळी पावणेसहाला मी गाडी काढून उभा असतो. ती "नको, उशीर होईल" म्हणते आणि चालू लागते.

मला बढती मिळाली. कारण म्हणून आदेशात एकच ओळ आहे, तक्रारदारांचे समाधान. आमच्याकडे निकालाच्या कागदाखाली 'मी समाधानी आहे' असं आधीच छापलेलं असतं आणि त्याखाली सही केल्याशिवाय प्रत मिळत नाही. हिचा कागद मी सहीसाठी घरी आणला होता. तिने तो वाचला, पूर्ण वाचला, आणि परत दिला. नवीन खुर्चीवर बसल्यावर पहिल्या दिवशी मी सगळे गठ्ठे मागवून पाहिले. एकतीस हजारांत तेवढी एकच जागा कोरी आहे. बाकी सगळ्यांनी सह्या केल्या आहेत. तुम्ही मघापासून मला हसताय, हसा, माझी ना नाही. पण तुमचीही सही मला त्यात सापडली. रांग मोठी होती, तुम्हाला घाई होती, आणि वर काय छापलंय ते तुम्ही वाचलं नव्हतं.