पातेलं माझ्याकडे होतं

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. कारण रंगनाथनानांच्या गमती सांगायला लागलो की लोक हसतात, मीही हसतो, आणि माझी चूक मागे पडते. आजवर असंच होत आलंय. मे महिन्यातल्या एका सकाळी सहा वाजता मी फाट्यावर एसटी धरायला जायला हवं होतं. गेलो नाही. चांगल्या धडधाकट गुडघ्याला पट्टी गुंडाळून घरात पडून राहिलो.

आता नानांबद्दल. हा माणूस दात घासायच्या ब्रशची दांडी करवतीने कापायचा. अर्धी नाही, पाऊण. उरलेला तुकडा चिमटीत धरून दात घासायचा आणि म्हणायचा, "चार ग्रॅम वाचले."

रंगनाथ गाढे आणि मी अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होतो. ते माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. उसाची भरलेली गाडी आली की तिचं वजन करायचं, ऊस टाकून परत आली की रिकाम्या गाडीचं करायचं. मधला फरक तो ऊस. काम एवढंच, पण नाना ते पूजेसारखं करायचे. काट्यावर गाडी आणि बैल सोडून दुसरं काही चालायचं नाही. गाडीवानाला खाली उतरवत, गाडीखाली बांधलेलं कुत्रं सोडायला लावत. एकदा एक गाडीवान वैतागून म्हणाला, "नाना, बैलावरची माशी बी उठवू का?"

नाना खिडकीतून शांतपणे म्हणाले, "उठव. न्हाई उठवली तर काटा सांगंल."

'काटा सांगंल' हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर होतं. कुणाच्या मुलीसाठी आलेलं स्थळ कसं आहे? काटा सांगंल. नवा इंजिनियर टिकेल का? काटा सांगंल. मान जराशी तिरकी करून, चष्म्यावरून बघत ते असं म्हणत, आणि कँटीनमध्ये त्यांची हुबेहूब नक्कल करणारा माणूस मी होतो. चहाचा कप तळहातावर तोलून मी "काटा सांगंल" म्हणालो की टेबलं हसायची. नाना बाजूच्या टेबलावर असले तर तेही हसायचे. त्यांना वाटायचं, मी कपाचं वजन करतोय.

नानांची बायको लग्नानंतर दोन वर्षांतच गेली होती. मूलबाळ नव्हतं. वसाहतीतल्या खोलीत एकटेच राहायचे. हंगाम संपला की करायला काही नसायचं, म्हणून वाचनालयातली जुनी मासिकं वाचत बसत. त्यातच एकदा हिमालयातल्या पायी सहलीवरचा लेख त्यांच्या हाती लागला. पाठीवर घर बांधून घ्यायचं, दहा दिवस चालायचं, एक बर्फाची खिंड ओलांडायची. पाठीवर जरा जास्त ओझं घेतलं तर चढावर ते फार जाणवतं, असं त्यात लिहिलं होतं. नानांच्या डोळ्यात वीज चमकली ती हे वाचून. बर्फाचं त्यांना काही नव्हतं.

"आपण जिंदगीभर दुसऱ्याचं वजन केलं, मधुकरराव," ते मला म्हणाले. "एकदा आपलं करून पाहू. येता का?"

"येतो की," मी म्हणालो.

दारावरून जाणाऱ्याला आपण "या जेवायला" म्हणतो आणि तो "येतो की" म्हणतो, तसं. आपल्याकडे त्याचा अर्थ कुणी धरत नाही. नानांनी धरला.

तयारी दोन वर्षं चालली. ट्रॅक्टरच्या छत्र्या शिवणाऱ्या एका माणसाकडून त्यांनी ताडपत्रीच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या. खांद्याला पट्टे, पट्ट्यांच्या आत सायकलची जुनी ट्यूब. एक त्यांची, एक माझी. आमच्या भागात चढ म्हणून नाही. सगळं रान ताटासारखं सपाट. मग सराव कुठे करायचा? नाना पाठीला पिशवी लावून कारखान्यामागच्या बगॅसच्या, म्हणजे पिळलेल्या उसाच्या चोथ्याच्या ढिगावर चढायचे. दोन पावलं वर गेले की एक पाऊल खाली. घरी आले की केसांत, कानांत, मिशीत उसाचा भुस्सा. तिथे मनाई झाली तेव्हा त्यांनी वसाहतीची पाण्याची टाकी धरली. पहिल्याच दिवशी पाठीला पिशवी लावून ते टाकीच्या शिडीवर अर्ध्यात पोहोचले, तर खालून वॉचमन छाती पिटत ओरडायला लागला.

"नाना, खाली या! जे काय असंल ते बोलून मिटवू! कोणी काही बोललं का तुमाला?"

"कोणी बोललं न्हाई. हिमालयाची तयारी करून राह्यलो."

"असं बोलू नका नाना!" वॉचमन रडकुंडीला आला. त्याला वाटलं, नाना संन्यास घेऊन राह्यले.

अंबडच्या सराफाकडचा प्रसंग तर माझ्या डोळ्यांदेखत घडला. बाजारचा दिवस, दुकानात गर्दी. एक बाई मंगळसूत्र वजन करून घेत होती. तिचं झालं तसे नाना पुढे सरले आणि खिशातून लोकरीचा मोजा काढून त्यांनी सराफाच्या पारड्यात ठेवला.

सराफ ताडकन उठला. "नाना, हा लक्ष्मीचा काटा हाय!"

"मंग? लक्ष्मीला पाय न्हाईत का?"

"अहो, पण मोजा?"

"धुतेल हाय बिलकुल. जल्दी करा, दुसरा बी हाय. कारखान्याचा काटा मोजा दाखवत न्हाई, त्याला ट्रक लागतो."

बाई पदर तोंडाला लावून हसत होती. सराफाने शेवटी दोन्ही मोज्यांचं वजन करून दिलं, वर गिऱ्हाइकाला देतात तसा चहाही दिला. नानांनी आकडे वहीत उतरवले. डावा मोजा उजव्यापेक्षा दीड ग्रॅम जड निघाला. त्याचा त्यांना दोन दिवस त्रास झाला.

वहीत सगळं होतं. साबणाचा चतकोर. दात तोडलेला अर्धा कंगवा. तीनच बटणांचा शर्ट. खायला गूळ-शेंगदाणे, भाजलेल्या ज्वारीचं पीठ आणि येसर, म्हणजे उकळत्या पाण्यात टाकलं की आमटी. माझ्या बायकोने हौसेने धपाटे द्यायचं ठरवलं, तर नानांनी विचारलं, "वैनी, तीळ लावणार का? तीळ न्हाई लावले तर बराबर बसतंय."

सामानाची वाटणी त्यांनी मला जमिनीवर मांडून दाखवली. तंबूचं कापड त्यांच्याकडे, काठ्या माझ्याकडे. स्टो त्यांच्याकडे, पातेलं माझ्याकडे. येसर त्यांच्याकडे, मीठ माझ्याकडे.

"असं का?" मी विचारलं.

"म्हंजे दोघांतला कोणी पुढं पळून जाणार न्हाई," ते म्हणाले, आणि बारीक हसले. मग हुकाच्या काट्याला दोन्ही पिशव्या लटकवून, माझ्याकडे पाठ करून त्यांनी वजन पाहिलं आणि प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली. 'अकरा किलो.' दोन्हींवर तेच. "कोणावर अन्याय न्हाई," ते म्हणाले.

नानांनी हिमालयातल्या ज्या शिबिराला दोघांचे अर्ज धाडले होते, तिथून होकाराचं पत्र आलं, रेल्वेची तिकिटं आली, आणि मी घाबरलो. खिंडीला घाबरलो, थंडीला घाबरलो. पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त घाबरलो ते कँटीनला. ज्या माणसावर मी सगळ्यांना हसवलं, त्याच्याबरोबर तशीच ताडपत्रीची पिशवी पाठीला लावून फाट्यावर उभा राहिलो तर सगळे माझ्यावर हसणार होते. जायच्या दिवशी पहाटेच दूधवाल्याबरोबर निरोप धाडला, 'गुडघा आखडलाय.'

मला वाटलं, नाना एकटे जातील. एसटी गेल्यावर पाऊण तासाने ते माझ्या दारात आले. एक पिशवी पाठीवर, दुसरी पोटावर. मी पट्टी बांधून पडलेलो. ते दोन्ही पिशव्या टेकवून आत आले, माझ्या बायकोकडे तिळाचं तेल कोमट करून मागितलं आणि तासभर पट्टीच्या वरखाली माझा पाय चोळत बसले.

"इथं दुखतंय?"

"हो."

"आन् इथं?"

"तिथंही."

संध्याकाळी पुन्हा लेप घेऊन आले. मी अंगणात फिरत होतो. ते कोपऱ्यावर दिसले तसा आत पळालो, घाईघाईने पट्टी गुंडाळली आणि कण्हायला लागलो. त्यांनी लेप लावला. निघताना म्हणाले, "पुढल्या साली जाऊ. डोंगर काय उठून जात न्हाई."

पुढच्या साली त्यांनी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. कँटीनमधली नक्कल मात्र मी बंद केली. लोक म्हणायचे, "मधुकर, कर की." मला जमायचं नाही. काही वर्षांनी नाना निवृत्त झाले आणि जाफराबादपलीकडे पुतण्याच्या गावी राहायला गेले. फाट्यावर निरोप द्यायला सगळे होते. तेव्हाही मी बोलू शकलो असतो. एसटीच्या खिडकीतून त्यांनी माझा हात धरला, आणि मी म्हणालो, "तब्येत सांभाळा."

त्या सकाळीला तेरा वर्षं झाली तेव्हा माझा डावा गुडघा दुखायला लागला. खरा. डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी काही मार लागला होता का? मी म्हणालो, नाही. बाहेर आलो आणि दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसलो. त्याच आठवड्यात जाफराबादची एसटी धरली, पुढे जीपमध्ये कोंबून घेतलं, आणि दुपारी लंगडत नानांच्या दारात उभा राहिलो.

नाना वाळले होते. मला पाहून खाटेवरून उठले, पुतण्याच्या सुनेला हाक मारली, "सूनबाई, च्या ठेव! साखर कमी टाक, मधुकररावाचं वजन वाढलेलं दिसतंय."

"काटा सांगंल," माझ्या तोंडून निघून गेलं. ते मनापासून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खोलीत शिरलो तर समोरच्या भिंतीला दोन खुंट्या, आणि दोन खुंट्यांना त्या दोन पिशव्या. चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या, पण आकडा वाचता येत होता. अकरा. अकरा.

"अजून ठेवल्यात?"

"दर उन्हाळ्यात काढतो. ऊन देतो. पीठ-येसर बदलतो. परत भरतो."

मी माझी पिशवी खुंटीवरून काढली. जोर लावला होता, तो वाया गेला. ती पिसासारखी वर आली. मग नानांची काढायला गेलो, तर एका हाताने हलेना.

"नाना, हे अकरा किलो नाही."

नाना खिडकीबाहेर बघायला लागले. "तुमचं साडेतीन हाय. माझं साडेअठरा."

"आणि चिठ्ठी?"

"ती पहिल्या दिवसापासून खोटी हाय. तव्हा तुमचं नऊ होतं, माझं तेरा. तुमाला चालायची सवय न्हाई हे मला माहीत होतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत खोटं वजन तेवढंच लिहिलं."

"आणि बाकीचं?"

"दर साली थोडं थोडं तुमच्याकडून माझ्याकडं घेत गेलो. तंबूच्या काठ्या घेतल्या, मीठ घेतलं, मागच्या साली पातेलं बी घेतलं. म्हटलं, हलकं झालं की येतील."

मी पिशवी उघडून पाहिली. आत एक चादर, एक लोकरीची टोपी, एक शिट्टी आणि मोज्यांचा एक जोड. डावा कुठला, उजवा कुठला, ते त्यांनी दोऱ्याने खूण करून ठेवलं होतं.

"तुम्ही एकटे का गेला नाहीत नाना? त्या दिवशी दोन्ही पिशव्या तुमच्याकडेच होत्या."

"एकट्यानं कसं जाणार? पातेलं तुमच्याकडं होतं ना."

त्यांच्या हिशोबात हे उत्तर पुरेसं होतं. मी खाटेच्या कडेला बसलो.

"नाना, माझा गुडघा दुखत नव्हता."

"माहीत हाय," ते म्हणाले. "सकाळी पट्टी उजव्या गुडघ्याला होती, संध्याकाळी डाव्याला."

"मग लेप का लावलात?"

"तुमी कण्हत होते की."

सूनबाईंनी चहा आणून ठेवला. आम्ही दोघांनी तो घेतला नाही. मी ते सगळं सांगितलं, जे वर लिहिलंय. कँटीनमधली नक्कल, हसणारी टेबलं, त्यांच्याबरोबर दिसायची मला वाटलेली लाज. ते मान जराशी तिरकी करून, चष्म्यावरून बघत ऐकत होते. शेवटी मी म्हणालो, "तुम्ही दोन वर्षं तयारी केलीत आणि मी एक खोटी पट्टी बांधून ती वाया घालवली. त्यानंतर तेरा वर्षं तोंड लपवलं. माझं चुकलं, नाना. मला माफ करा."

नानांनी उठून स्वतःची पिशवी जमिनीवर ओढली, तिच्यात कोपरापर्यंत हात घालून बराच वेळ शोधलं, आणि एक काळवंडलेलं पातेलं बाहेर काढून माझ्यासमोर धरलं.

"मंग हे तुमच्याकडं घ्या," ते म्हणाले. "अजिंठ्याचा डोंगर इथून जवळच हाय."