पहाटे पाचचा भित्रा

"दात तुमचे, वेळ माझी! या सॉफ्टवेअरमध्ये एका मिनिटाची चूक सापडली तर मिशा उतरवीन!"

जावईबापूंनी छाती फुगवून हे सांगितलं, तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाईंनी, नुसतं "बरं" म्हटलं. सासूबाई मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. लेकीच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा नोंदवायचं काम त्यांच्याकडे होतं.

"आधी मिशा तर येऊ द्या, जावईबापू!"

जावईबापूंनी तिकडे काणाडोळा केला. "तारखेत दिवस आधी की महिना आधी हा घोळच नको, म्हणून महिना मी अक्षरांत ठेवलाय. आणि वेळ आत साठते ती साऱ्या जगाच्या एकाच घड्याळाप्रमाणे. पडद्यावर दाखवताना ती आपल्या गावच्या घड्याळात बदलायची. झालं!"

खरोखरच झालं होतं. महिनाभर दवाखाना सुतासारखा सरळ चालला. यशाने माणूस जरा सैल होतो, तसे जावईबापूही झाले. एका दुपारी, डावी दाढ लवंगेने दाबून धरत, त्यांनी घाईघाईत आणखी एक पान जोडलं: सारखी वेळ घेऊन सारखी चुकवणाऱ्यांचं. (ही दाढ गेले कित्येक दिवस ठणकत होती, पण तिचा विषय निघाला की त्यांना हटकून एखादी मीटिंग आठवायची.)

पान उघडलं. त्यावर एकच माणूस होता. नावाच्या जागी लिहिलं होतं, "भित्रा".

'बुधवार, पहाटे पाच. वाट पाहिली. आला नाही.'

'बुधवार, पहाटे पाच. पुन्हा वाट पाहिली. नुसती आश्वासनं!'

'बुधवार, पहाटे पाच. आता हाती लागला की सोडायचा नाही.'

लवंग घशात गेली!

पहाटे पाच? दवाखाना तर दहाला उघडतो! आणि बायको पहाटे फिरायला म्हणून बाहेर पडते ती कुठे? परवा नवे बूट घेतले ते कुणासाठी? माणूस चालण्यासाठी इतके गुलाबी बूट घेतो का?

रात्री जेवताना त्यांनी खडा टाकून पाहिला.

"काय गं, पहाटे एकटीच जातेस?"

"नाही. सोबत असते ना."

"कुणाची?"

"तू येणार आहेस का?"

"मी? मी कशाला!"

"मग तुला काय करायचंय?" असं म्हणून ती चक्क हसली. जावईबापूंना त्या हसण्यात सगळा कट दिसला. संसार हातचा चालला होता आणि आपण बसलो होतो महिने अक्षरांत लिहीत!

बुधवारी बायको बाहेर पडताच ते मागच्या दाराने निघाले आणि दवाखान्यासमोरच्या झुडपात जाऊन बसले. डोक्याला मफलर, हातात छत्री, तोंडात नवी लवंग. मुंग्यांनी लगेच ओळख करून घेतली. पाच वाजले. कुणी आलं नाही. 'आजही चुकवतोय लेकाचा,' जावईबापू पुटपुटले, आणि त्यांना त्या माणसाचा, कारण नसताना, थोडा रागही आला. बिचारीला किती वाट पाहायला लावायची!

तेवढ्यात मानेवर टॉर्चचा झोत पडला.

"ऊठ! कुणाची वाट बघतोस रे?" दवाखान्याचा पहारेकरी गरजला.

"अहो, मी डॉक्टरबाईंचा नवरा!"

"नवरा झुडपात बसतो?"

पहारेकऱ्याने कॉलर धरली आणि फोन लावला. "मॅडम, एक चोर पकडलाय. म्हणतो, तुमचा नवरा आहे. ठेवू की सोडू?"

थोड्याच वेळात गुलाबी बूट आले. शेजारी तसल्याच बुटांची आणखी एक जोडी होती. आत सासूबाई होत्या!

"ही... ही तुझी सोबत?"

"मग कोण असणार? आणि तू इथे काय करतोयस?"

जावईबापूंनी फोनवर ते पान उघडून पुढे केलं. "आधी हे सांग! हा भित्रा कोण?"

बायकोने पान पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग दोघी फुटपाथवरच बसून हसू लागल्या. पहारेकरीही हसला, कशाला ते न कळता.

"अरे, दर बुधवारी साडेदहाला दाढ दाखवायला ये म्हणते, आणि दर बुधवारी तुझी मीटिंग! नाव आणि शेरे आईने घातलेत."

"शोभतंय की!" सासूबाई म्हणाल्या.

"साडेदहा? पण इथे तर पहाटे पाच..."

आणि जावईबापूंच्या डोक्यात प्रकाश पडला. साऱ्या जगाचं घड्याळ आपल्या गावाच्या साडेपाच तास मागे. बाकी प्रत्येक पानावर वेळ बदलून दाखवली होती. या एकाच पानावर ती बदलायची राहिली होती.

"एका ओळीची दुरुस्ती आहे," ते कसेबसे म्हणाले. "घरी जाऊन लगेच..."

"घरी कुठे?" डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याचं कुलूप काढलं. पहारेकऱ्याने, न सांगता, त्यांचा दंड धरला. संशय फिटल्याचा आनंद मानायला जावईबापूंना सवडच मिळाली नाही. खुर्ची मागे झुकली, दिवा डोळ्यांवर आला, तोंडात कापूस गेला.

"आ कर. अजून मोठा."

कोपऱ्यात सासूबाईंनी चष्मा चढवला आणि एकेक अक्षर शोधत, मोठ्याने म्हणत, टाइप केलं:

"भित्रा. आला. पकडून आणावा लागला."