रेषेवर टेकलेला बॉल

ए विंग आणि बी विंगची फुटबॉल मॅच एक-एकवर अडकली होती. जिंकतील त्यांना सुट्टीभर संध्याकाळी पार्किंगमागची मोकळी जागा मिळणार होती; हरणाऱ्यांना कचऱ्याच्या डब्यांशेजारचा बोळ. रेफरी सोसायटीचे सेक्रेटरी दिगंबरकाका. वारज्यातल्या या सोसायटीत शिट्टी दुसऱ्या कुणाच्या तोंडात शोभलीच नसती, असं निदान काकांचं मत होतं.

बी विंगची कॅप्टन रशीदा चुन्याच्या रेषेवरून बॉल पळवत सुटली. शिट्टी वाजली.

"बाहेर. थ्रो ए विंगचा."

"काका, बॉल रेषेवर होता. अख्खा पलीकडे गेला तरच बाहेर."

"ते टीव्हीवर. आपल्याकडे रेषेला टेकला की बाहेर. तुझ्या अब्बांच्या स्कूटरचं चाक पार्किंगच्या पट्ट्यावर होतं, तेव्हा मी हवा सोडली की नाही?"

"सोडली. अब्बा हायवेपर्यंत ढकलत गेले."

"मग? एक सोसायटी, एक नियम."

ए विंगचा कॅप्टन, म्हणजे काकांचाच पुतण्या अनंत, बॉल डोक्यावर धरून उभा होता. "टाकू का?"

"थांब जरा," रशीदा म्हणाली. "काका, नियम सगळ्यांना?"

"सगळ्यांना. मी माणूस बघत नाही, रेषा बघतो."

"मग ती बघा." तिनं पार्किंगकडे बोट दाखवलं.

काकांची नवी गाडी जागेपेक्षा रुंद होती. डावी चाकं एका पट्ट्यावर, उजवी दुसऱ्या.

"अगंबाई, दोन्हीकडून बाहेर," गॅलरीतून श्यामलामावशी म्हणाल्या. "थ्रो कुणाचा हो, सेक्रेटरी?"

"बाहेर घालवली ए विंगच्या काकांनी," रशीदा म्हणाली, "म्हणजे ताबा आमचा. पार्किंगची जागा बी विंगला."

तिचे अब्बा रियाजभाई शांतपणे गाडीच्या चाकाशी जाऊन बसले. "हवा मी सोडू, की आपण स्वतः सोडताय?"

काकांनी टायरकडे पाहिलं, मग बॉलकडे.

"काका, हात दुखतायत," अनंत म्हणाला.

"मग खाली कर. तुला कुणी सांगितलं बाहेर म्हणून? अख्खा बॉल रेषेपलीकडे जावा लागतो. मघापासून हेच सांगतोय मी."

बॉल रशीदाच्या पायाशी टाकून खेळ पुन्हा सुरू झाला. अनंत अजून रेषेबाहेर दंड चोळत होता. तो आत येईपर्यंत बॉल गोलमध्ये होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका ऑफिसला निघाले. गाडीच्या दोन्ही बाजूंना बी विंगच्या स्कूटर्स ओळीने लागल्या होत्या, प्रत्येकीचं एकेक चाक पट्ट्यावर. गाडीचं एकही दार उघडेना.

"सगळ्या आत आहेत, साहेब," रियाजभाई वरून म्हणाले. "अख्खी एकही पलीकडे नाही."

काकांनी खिशातली शिट्टी चाचपली आणि ते रिक्षा शोधायला निघाले.